आयत्या पिठावरच्या रेघोट्या

मराठीचं आता काही खरं नाही म्हणून गळा काढणारे आणि मराठीचं सगळं छान चाललंय म्हणून पेढे वाटणारे, या दोन्ही मंडळींचा मला सारखाच कंटाळा आलाय. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात दर्जा दिला तेव्हा आनंद मलाही झाला. पेढाही खाल्ला (आमच्या डॉक्टरांना सांगू नका). पण त्यानंतर काही दिवसांतच एका संस्थेची स्मरणिका हातात आली. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो, मुखपृष्ठावर अभिजात मराठीचा जयघोष, आणि आत पानोपानी ‘खर् या’, ‘बर् याच’, ‘तर् हा’. ज्या मुलाने अक्षरजुळणी केली होती त्याला विचारलं. तो बिचारा अदबीने म्हणाला, "आपण बरोबरच टाइप केलंय सर. सॉफ्टवेअरच तसं आहे."

माझं भांडण त्या मुलाशी नाही, त्या वाक्याशी आहे. ‘सॉफ्टवेअरच तसं आहे.’ बँकेत हेच, रेशनच्या दुकानात हेच, निकालपत्रावर आडनाव चुकलं तरी हेच. पूर्वी लोक ‘देवाची इच्छा’ म्हणायचे. निदान देवाला नवस तरी बोलता यायचा.

मी ती फाइल मागून घेतली आणि अक्षरं एकेक करून तपासली. दोष सॉफ्टवेअरचा नव्हताच. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना नुक्त्याच्या ‘ऱ’च्या जागी साधा ‘र’ आला होता आणि हलन्तानंतर एक मोकळी जागा पडली होती. म्हणजे यंत्राला जे सांगितलं तेच त्याने इमानेइतबारे छापलं. शोधून बदलायला पाच मिनिटं लागली असती. पण ज्याला आत काही असतं हेच ठाऊक नाही, तो आत बघणार कसा?

म्हणून आज ‘आत’ काय असतं त्यावर लिहितो. विषय कोरडा वाटेल, पण वाचा.

आपण ‘कि’ लिहितो तेव्हा हाताने आधी वेलांटी काढतो, मग क. तोंडाने मात्र आधी क येतो, मग इ. संगणक तोंडाच्या बाजूने आहे: त्याच्या पोटात क आधी, वेलांटी नंतर. पण पडद्यावर वेलांटी आधी दिसायला हवी. ‘सूर्य’ लिहिताना र आधी येतो, पण तो जाऊन बसतो य च्या डोक्यावर, रफार होऊन. ही उलथापालथ कोण करतं? फॉन्ट करतो, असं बहुतेकांना वाटतं. फॉन्टमध्ये आकार असतात आणि ते कधी बदलायचे याचे काही नियम असतात, पण कुठलं अक्षर उचलून कुठे न्यायचं हे ठरवणारा वेगळा असतो. त्याचं नाव हार्फबझ. ही एक लायब्ररी आहे. म्हणजे पुस्तकांची नव्हे. अनेक प्रोग्रामांना लागणारं एकच काम एकदाच नीट लिहून ठेवायचं आणि सगळ्यांनी ते वापरायचं, अशी शिदोरी. फायरफॉक्स, क्रोम आणि अँड्रॉइडचे फोन मराठी अक्षर पडद्यावर मांडताना हिलाच विचारतात. लिबरऑफिस तर २०१७ च्या ५.३ आवृत्तीपासून सगळ्याच यंत्रणांवर हिच्यावर अवलंबून आहे. तुम्ही हा मजकूर फोनवर वाचत असाल तर बहुधा तिच्याच कृपेने वाचताय.

नाव फारसी आहे. हर्फ म्हणजे अक्षर आणि बाज़ म्हणजे उघडा. हर्फ म्हणजे काय हे आमच्या सोलापुरात उर्दू शाळेतलं दुसरीचं पोरही सांगेल. ज्याने हिला आजचं रूप दिलं तो बेहदाद इस्फहबोद हा इराणमध्ये जन्मलेला. त्याची मातृभाषा ना मराठी, ना कन्नड, ना तेलुगू. विकिपीडियावरून गोळा केलेले देवनागरीतले सात लाखांहून जास्त शब्द त्याने आपल्या लायब्ररीतून आणि मायक्रोसॉफ्टच्या यंत्रणेतून काढून एकमेकांशी ताडून पाहिले आणि फरक पडला तिथे कारण शोधलं. आपण साहित्य संमेलनाच्या मांडवात बसून ठराव केले, आणि आपला रफार जागेवर बसवला एका फारसी भाषकाने. मला याची लाज वाटत नाही. विद्येला जात-गाव नसतं. मला लाज वाटते ती ही की त्याने सगळं उघडं करून ठेवलंय आणि आपल्यातलं कुणी ते वाचायलाही जात नाही.

उघडं म्हणजे अक्षरशः उघडं. ही लायब्ररी ज्या मूळ मजकुरापासून बनते तो मजकूर, म्हणजे सोर्स कोड, जालावर फुकट मिळतो. वाचा, बदला, वाटा. कोणी विचारत नाही. त्यात ‘इंडिक’ नावाची एक फाइल आहे. ती प्रथम पाहिली तेव्हा मी खुर्चीत सरसावून बसलो. भाषा इंग्रजी आणि सी-प्लसप्लसची, पण मधूनमधून शब्द कुठले? हलन्त. मात्रा. नुक्ता. रेफ. जन्मभर फळ्यावर खडूने लिहिले तेच शब्द! पुढे एक तक्ता. त्यात देवनागरी, बंगाली, गुरुमुखी, गुजराती, ओडिया, तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम, प्रत्येक लिपीला एक ओळ. हलन्ताचा क्रमांक काय, रेफ कुठे बसतो, आपोआप होतो की मुद्दाम सांगावा लागतो, अशी माहिती वर्गाच्या हजेरीपटासारखी मांडलेली. देवनागरीत आणि कन्नडमध्ये रेफ आपोआप; तेलुगूत मुद्दाम सांगितला तरच. देवनागरीत तो डोक्यावर चढतो, कन्नडमध्ये अक्षराच्या मागे जाऊन उभा राहतो. ज्या शहरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही माध्यमांच्या शाळा आहेत, त्या शहरातल्या भाषाशिक्षकाला यापेक्षा सुरस वाचन कुठलं? (उर्दूची फाइल वेगळी आहे, अरबीच्या घरात. पण वाडा एकच.)

माझा एक जुना विद्यार्थी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. त्याला म्हटलं, हे माझ्यासमोर मुळापासून बनवून दाखव. तो हसला. "कशाला सर? एक आज्ञा दिली की दहा सेकंदात तयार लायब्ररी येते." मी म्हटलं, पीठही दुकानात तयार मिळतं. तरी मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी घरी आणून, निवडून, गिरणीतून दळून आणणारी घरं सोलापुरात अजून आहेत ना? त्यांना वेड लागलेलं नाही. पिठात काय आहे ते त्यांना माहीत असतं, इतकंच.

सोर्स कोड म्हणजे धान्य, कंपाइल करणं म्हणजे दळण आणि तयार लायब्ररी म्हणजे पीठ. पिठावरून धान्य कसं होतं ते सांगता येत नाही. मूळ मजकूर हाती नसेल तर तयार लायब्ररीत कुठे काय चुकलं हे कळणं जवळजवळ अशक्य असतं, हा या सगळ्या प्रकरणातला कळीचा मुद्दा.

तर आम्ही दळलं. गाठोडं उतरवून घेतलं, सोडलं. मग ‘मेसन’ नावाच्या प्रोग्रामने घरात काय काय सामान आहे त्याची झडती घेतली: कंपायलर आहे का, फॉन्ट वाचणारी फ्रीटाइप आहे का, चित्र काढणारी कैरो आहे का. एक-दोन गोष्टी नव्हत्या, त्या आणल्या. मग ‘निंजा’ने एकेक फाइल दळायला घेतली, पडद्यावर आकडे पळत होते. वहिनींनी चहा आणून ठेवला तोवर काम संपलंही होतं. मग चाचण्या. आणि हे मला फार आवडलं: या लायब्ररीबरोबर तिची परीक्षाही येते. अमक्या फॉन्टमध्ये अमकी अक्षरं दिली तर अमकंच उत्तर आलं पाहिजे, अशी प्रश्नपत्रिका. पूर्वी कुणी कधी चूक दाखवली असेल तर ती दुरुस्त झाल्यावर तोच प्रश्न पत्रिकेत जाऊन बसतो, म्हणजे ती चूक पुन्हा झाली तर लगेच सापडावी. आमच्या शिक्षण खात्याला हे सुचलं असतं तर!

मग बसवणं, म्हणजे इन्स्टॉल. इथे एक गंमत कळली. लायब्ररी बरोबर जागी नेऊन ठेवली तरी बाकीच्या प्रोग्रामांना ती दिसेलच असं नाही. यंत्राकडे लायब्रऱ्यांची एक यादी असते; ‘एलडी-कॉन्फिग’ ही आज्ञा देऊन त्या यादीत नाव चढवावं लागतं. मुलगा वर्गात बसलाय, पण हजेरीपटावर नाव नाही, म्हणून गैरहजर. लगेच समजलं.

आता खरा प्रयोग. त्या तक्त्यात देवनागरीच्या ओळीत रेफ ‘आपोआप’ आहे. तिथला एकच शब्द बदलून आम्ही तेलुगूसारखा ‘मुद्दाम सांगितला तरच’ केला. पुन्हा दळलं. या वेळी बदललेली एकच फाइल दळायची होती, म्हणून काही क्षणांत झालं. आणि ‘सूर्य’ लिहून पाहिला. रफार गेला! सूर्याच्या डोक्यावरचा, धर्माच्या, कर्माच्या, सगळ्यांच्या डोक्यावरचा रफार एका शब्दासरशी गायब. चाचण्या चालवल्या तर त्या नापासांची रांग लावून ओरडायला लागल्या. शब्द पूर्ववत केला, दळलं, रफार परत आला. माझा विद्यार्थी पंधरा वर्षं संगणक शिकवतोय. तोही बराच वेळ पडद्याकडे बघत बसला.

‘सॉफ्टवेअरच तसं आहे’ म्हणणाऱ्याला हे एकदा दाखवायला हवं. ते ‘तसं’ आहे कारण कुणीतरी तसं लिहिलंय. वेगळं लिहिलं तर वेगळं होईल.

दुसरा प्रयोग ‘शाल’ या शब्दाचा. आपला ल आणि आपला श हिंदीच्या वळणापेक्षा वेगळे. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात लिपी आणि वर्णमाला ठरवली, त्यात या दोन अक्षरांच्या वळणाचाही प्रश्न होता. तेव्हापासून आजतागायत ‘संगणकावर मराठी ल मिळत नाही’ अशी रड मी ऐकतो आहे. हार्फबझबरोबर एक छोटा प्रोग्राम येतो, शब्द दिला की त्याचं चित्र काढून देणारा. दोन्ही वळणांची सोय असलेला फॉन्ट घेतला, ‘शाल’ लिहिलं आणि भाषा हिंदी सांगितली. हिंदी शाल. भाषा मराठी सांगितली. मराठी शाल! फॉन्ट तोच, अक्षरं तीच. फक्त ‘हे मराठी आहे’ हे यंत्राला सांगायचं राहिलेलं असतं. आपण मराठीत मजकूर लिहितो आणि फाइलवर भाषा इंग्रजी किंवा हिंदी तशीच ठेवतो. नंतर ल चुकला म्हणून दिल्लीच्या नावाने बोटं मोडतो.

आता आक्षेप. माझ्या विद्यार्थ्याने चांगले तीन-चार काढले, आणि ते तकलादू नव्हते. तो म्हणाला, तयार लायब्ररी देणारे लोक सुरक्षेच्या दुरुस्त्याही वेळोवेळी पाठवतात. स्वतः दळून बसवलेली मात्र स्वतःलाच सांभाळावी लागते. खरं आहे. दुसरं, फायरफॉक्स आणि क्रोम आपापली प्रत पोटात घेऊनच फिरतात, त्यामुळे यंत्रावरची बदलली तरी त्यांना काही फरक पडत नाही. हेही खरं. तिसरं, भलतीच लायब्ररी बदलली तर यंत्रच उठणार नाही. जीलिबसी म्हणून एक आहे, तिच्यावर लिनक्सचं जवळजवळ सगळं घर उभं आहे, तिला नवशिक्याने हात लावू नये. एकदम मान्य. म्हणून तर आम्ही हार्फबझ वेगळ्या कप्प्यात बसवली, यंत्राच्या मूळ प्रतीला धक्का लावला नाही.

पण मी रोज दळा असं म्हणतच नाहीये. आमच्या पूर्व भागातल्या यंत्रमागावर काम करणारा माणूस माग स्वतः घडवत नाही. तरी धोटा अडकला, ताण्याचं सूत तुटलं, तर तो हात जोडून बसत नाही. सूत सांधतो. आणि फारच बिघडलं तर जॉबर असतो, जो सगळा माग उघडून बसवू शकतो. शंभर मागांमागे दोन जॉबर पुरतात, पण ते लागतातच. मराठीसाठी कुलगुरू आहेत, समित्या आहेत, महामंडळं आहेत. जॉबर किती आहेत? माझ्या वर्गात मागावरच्या कामगारांची मुलं असायची. त्यातली काही आज संगणकावर पोट भरतात. यंत्र उघडायला भ्यायची नाहीत असं त्यांचं घराणं, आणि आम्ही शाळेत त्यांना शिकवलं काय? कुठलं बटण दाबलं की अक्षर ठळक होतं. इन्स्टॉल म्हणजे काय, तर नेक्स्ट, नेक्स्ट, आय अ‍ॅग्री, फिनिश. काय अ‍ॅग्री केलं ते ना मुलाला माहीत, ना मास्तरला.

न उघडणाऱ्या यंत्राची तऱ्हा काय असते ते आमच्या तेलुगू शेजाऱ्यांना विचारा. फेब्रुवारी २०१८ मध्ये आयफोनवर तेलुगूतलं एक अक्षर आलं की अ‍ॅप कोसळत होतं, सूचनेत आलं तर फोनच जागेवर बसत होता. अक्षर कुठलं? ‘ज्ञा’. ज्ञानातला ज्ञा. ज, विराम, ञ, मध्ये एक न दिसणारं चिन्ह आणि काना, एवढ्याने. अक्षरांची मांडणी करणारा अ‍ॅपलचा कोड बंद पेटीत. जगभरातल्या कोट्यवधी तेलुगू भाषकांच्या हातात काय होतं? ‘ते अक्षर पाठवू नका’ असे निरोप एकमेकांना देणं. १९ फेब्रुवारीला कंपनीची दुरुस्ती आली तेव्हा सुटका झाली. कंपनीने तत्परता दाखवली, नाही असं नाही. चुका हार्फबझमध्येही निघतात, रोज निघतात. पण तिथे तेलुगू जाणणारा एखादा विद्यार्थी फाइल उघडून ‘इथे चुकलंय’ म्हणून ओळ दाखवू शकतो. वाट बघायची की ओळ दाखवायची, एवढाच फरक आहे, आणि स्वभाषेचा अभिमान म्हणतात तो मला तरी त्या फरकातच दिसतो.

"पण हे सगळं इंग्रजीत आहे," हा शेवटचा आक्षेप. आणि त्याला जोडून, तोंडावर न बोललेला, ‘तुम्ही बी. ए., तेही मराठी माध्यमातून, तुम्हाला यात काय कळतं?’ जावजी दादाजींना काय कळत होतं? अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासण्याच्या कामापासून सुरुवात केलेला माणूस. १८६० च्या दशकात मुंबईत स्वतःचा टाइपांचा कारखाना काढला, मग निर्णयसागर छापखाना. राणूजी आरूंनी कोरलेली ती देवनागरी अक्षरं पुढच्या पिढ्यांना नमुना ठरली. विलायतेहून चांगले खिळे येईपर्यंत थांबू, असं ते म्हणाले नाहीत. आणि हे काही जुन्या काळापुरतं नाही. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले ‘लोहित’ फॉन्ट रेड हॅटने २००४ साली मुक्त परवान्यावर खुले केले, ते आजही लिनक्सवर असतात. म्हणजे आपल्याला येत नाही असं नाही. येतं. पण येतं ते चार जणांना, आणि बाकीचे त्यांनी दळलेल्या पिठावर रेघोट्या ओढत ‘मराठी ज्ञानभाषा झाली पाहिजे’ म्हणतात.

इंग्रजी तर इंग्रजी. त्या फाइलमधले निम्मे महत्त्वाचे शब्द आपलेच आहेत, ते मी वर सांगितलंच. सी-प्लसप्लस येणारा पण ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यातला फरक न कळणारा इंजिनियर मला रोज भेटतो. तो फरक कळणारा पण संगणकाला घाबरणारा मराठीचा शिक्षकही रोज भेटतो. हे दोघे एका टेबलाशी बसले तर एका दुपारचं काम आहे. आम्ही बसलो होतो, म्हणून सांगतो. त्या दुपारी मला कळलं की रफार होतो तो फक्त साध्या र चा. नुक्त्याचा ऱ त्या नियमात येतच नाही, तो साध्या व्यंजनासारखा अर्धा होतो आणि फॉन्ट त्याला चंद्रकोरीसारखं वळण देतो. म्हणून ‘दर्या’ समुद्र राहतो आणि ‘दऱ्या’ डोंगरात राहतात. हा नियम माझ्या विद्यार्थ्याला कोडमधून दिसत होता, आणि तो का आहे ते मला माहीत होतं.

सध्या मी एका वहीत शब्द जमवतोय: गुऱ्हाळ, कऱ्हाड, वऱ्हाड, सुऱ्या, चऱ्हाट, कुऱ्हाड, न्हाव्याचा न्ह आणि म्हशीचा म्ह असलेले, शिवाय पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या बोलीतले. त्या लायब्ररीच्या प्रश्नपत्रिकेत यातले किती आहेत ते एकेक करून बघायचं, नसतील ते रीतसर पाठवायचे. विद्यार्थी रविवारी सकाळी मोकळा असतो. ज्यांच्याकडे जुना लॅपटॉप पडून असेल आणि ‘ळ’शी ओळख असेल त्यांनी यावं. चहा मिळेल, बिनसाखरेचा.